घरच्या प्रती

टायगरने रेकॉर्ड पाकिटातून ओढून काढली, खुर्चीच्या पाठीवर आडवी धरली आणि मधोमध मूठ हाणली. पहिल्या फटक्याला ती नुसती वाकली. रेकॉर्ड चिवट असते, एका दणक्यात दाद देत नाही, हे त्याला इतक्या वर्षांच्या सरावाने पाठ होतं. दुसऱ्या फटक्याला ती कडाडली. एक तुकडा टेबलाखाली गेला, एक सूपच्या वाटीत पडला आणि उरलेला अर्धा त्याच्या हातात राहिला. तो त्याने गुडघ्यावर घेऊन मोडला.

कारण इतकंच, की सूप कोमट होतं.

बाई भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. तो खुर्चीत बसेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी वाटी उचलली, त्यातला तुकडा बाहेर काढून बेसिनमध्ये टाकला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. गरम करून आण."

त्यांनी सूप गरम करायला ठेवलं आणि तेवढ्या वेळात केर काढला. मोठे तुकडे हाताने उचलायचे, मग झाडू, मग ओलं फडकं. तरी एखादी कपची राहतेच, आणि चार दिवसांनी पायात घुसून आठवण करून देते. टायगर आता शांतपणे जेवत होता. चेहऱ्यावर घाम होता, पण नजर निवळली होती. मोडून झालं की तो नेहमीच असा गरीब गाय व्हायचा. बाईंनी जेवणघरातल्या शेल्फकडे पाहिलं. तिथे त्यांच्या रेकॉर्डची एकच प्रत उरली होती.

दोघांच्या रेकॉर्डी एकाच कंपनीने, एकाच वर्षी काढल्या होत्या. तेव्हा दोघांचं नवीन लग्न होतं. बाईंची पाश्चात्त्य शास्त्रीय: त्यांचं व्हायोलिन आणि सोबतीला पियानो. त्याची डिस्को: ड्रमवर तो स्वतः, पाकिटावर पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला त्याचा फोटो आणि वर मोठ्या अक्षरांत 'टायगर'. त्याची रेकॉर्ड अशी खपली की वर्षभर लग्नाच्या हॉलपासून केस कापायच्या दुकानापर्यंत दुसरं काही वाजेना. मग वारं फिरलं. लोकांना डिस्कोची लाज वाटायला लागली, आणि टायगर तिशी गाठायच्या आत जुना झाला. डिस्को गेला, नाव तेवढं चिकटून राहिलं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

बाईंची रेकॉर्ड जुनी झाली नाही, कारण ती मुळात कुणी घेतलीच नव्हती. कंपनीने गोदाम रिकामं करताना खोक्यांतून त्यांच्या घरी आणून टाकली.

खोकी आली त्याच आठवड्यात टायगरचा शेवटचा कार्यक्रम रद्द झाला. घरी येऊन त्याने बाईंचं व्हायोलिन मानेला धरून उचललं आणि भिंतीवर आपटायला हात मागे नेला. बाईंनी विचार केला नाही. उघड्या खोक्यातली एक रेकॉर्ड काढून त्यांनी त्याच्या दुसऱ्या हातात कोंबली.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "हे फोडा."

तो चक्रावला. मग व्हायोलिन खाली ठेवून त्याने रेकॉर्ड फोडली आणि त्या रात्री तो लहान मुलासारखा झोपला. दुसऱ्या दिवशी बाईंनी व्हायोलिन आपल्या संगीत शाळेत नेऊन ठेवलं. ते परत कधी घरी आलं नाही.

तेव्हापासून हा रिवाजच पडला. वड्याचं तेल वांग्यावर निघतंय तर निघू दे, असं बाईंनी ठरवलं, आणि आपण मोठा शहाणपणा केला असं त्यांना बरीच वर्षं वाटत राहिलं. नणंद चारचौघांत अभिमानाने सांगायची, "आमचा दादा तापट आहे, पण बायकोला कधी बोट लावलं नाही त्याने." बाई मान हलवायच्या. खोटं काय होतं त्यात? घराला रंग दिला तेव्हा त्यांनी सुताराला बोलावून जेवणघरात मुद्दाम शेल्फ करून घेतलं. सुतार म्हणाला, एवढं उंच कशाला, तुमचा हात पोचणार नाही. बाई म्हणाल्या, माझा नाही, ह्यांचा पोचायला हवा.

खोकी संपली तेव्हा त्या जुन्या बाजारात जायला लागल्या. आपलीच रेकॉर्ड रद्दीच्या भावात विकत घ्यायची, घरी आणून शेल्फावर लावायची. आपलेच दात आणि आपलेच ओठ. पुढे ती बाजारातही दिसेनाशी झाली. लांबच्या दुकानांत चौकशा करायच्या, शाळेतून सुटी काढून जायचं, आणि एखादी मिळाली की रेशन मिळाल्यासारखं हायसं वाटायचं.

सूप कोमट झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई पुन्हा जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात उभ्या होत्या. दुकानदाराने त्यांना पाहिल्या पाहिल्या हात जोडले.

"ती आता विसरा, बाई. मागच्या वेळची शेवटची."

"कुठेच नाही?"

"कुठेच नाही. असली तर परवडायची नाही. कोणीतरी वेडा गोळा करतोय म्हणे. दिसेल तिथून उचलतो. घरात काचेचं कपाट केलंय, रोज मऊ कापडाने पुसतो. पैसेवाला असणार, हो." तो जरा पुढे वाकला. "तुम्हीही नेल्यात माझ्याकडून काही. ठेवल्यात ना जपून?"

बाईंच्या डोळ्यांपुढे काचेचं कपाट नाही, जेवणघरातलं शेल्फ आलं. कोपऱ्यात एक दाढीवाला माणूस कानाला हेडफोन लावून बसला होता. त्याने हेडफोन काढला.

"मला भेटायचंय त्या वेड्याला," तो म्हणाला. "त्याच्याकडे इतक्या असतील, आम्हाला फक्त एक हवीय. चांगल्या अवस्थेतली."

"हे जुन्या रेकॉर्डी नव्याने काढतात," दुकानदाराने सांगितलं. "आता पोरं पुन्हा घ्यायला लागलीत ना."

"माझ्याकडे ही आहे, पण हिला तडा गेलाय," दाढीवाला म्हणाला आणि त्याने हेडफोनची पिन काढून सुई पुन्हा पहिल्या गोलावर ठेवली. "ऐका. असं वाजवणारं माणूस, आणि नावसुद्धा कुणाला माहीत नाही."

दर फेऱ्याला टक्क असा आवाज येत होता. त्या टक्‌टकीच्या मधून व्हायोलिन वर आलं. बाईंनी काउंटरची कड धरली. ही रेकॉर्ड त्यांच्या घरात कधी वाजलीच नव्हती. तिचा मोडण्याचा आवाज त्यांना झोपेतही ओळखू आला असता. वाजण्याचा मात्र त्या पार विसरून गेल्या होत्या. तिसऱ्या ओळीत एक लांब सूर होता, तो धरताना त्यांनी श्वास रोखला होता. आता दुकानात उभ्या राहून त्यांनी पुन्हा तो तसाच रोखला, आणि त्यांना रडू आलं.

रेकॉर्ड संपेपर्यंत त्या निघाल्या नाहीत. डोळे पुसायला त्यांनी मान वर केली तेव्हा जबड्याखालचा काळपट डाग उघडा पडला. जन्मभर व्हायोलिन टेकवून पडतो तो. दाढीवाल्याने आधी डागाकडे पाहिलं, मग हातातल्या पाकिटावरच्या तरुण मुलीच्या फोटोकडे.

"तुम्हीच की ह्या," तो म्हणाला.

"माझ्याकडे एक आहे," बाई म्हणाल्या. तोंडातून निघून गेलं.

रविवारी दाढीवाला घरी आला. टायगर इस्त्रीचा शर्ट घालून तयार होता. पाहुण्यांसमोर त्याच्याइतका लोभस माणूस शोधून सापडला नसता. त्याने स्वतः चहा आणला, गप्पा मारल्या, टेबलावर बोटांनी ताल वाजवून दाखवला. त्याचीही रेकॉर्ड काढायची आहे हे कळल्यावर तर तो जागेवर बसेचना.

"तुमच्या रेकॉर्डची मूळ टेप मिळालीये, सर," दाढीवाला म्हणाला. "सुरेख आहे. अडचण बाईंच्या रेकॉर्डची आहे."

"का? तिची टेप नाही?"

"तीच तुमची टेप आहे." दाढीवाल्याला हसावं की नाही ते कळत नव्हतं. "डब्यावर बाईंच्या रेकॉर्डचं नाव आहे. त्यावर काट मारून खाली तुमचं लिहिलंय. बाईंचं पुसून तुमचं भरलंय त्यावर. म्हणून आता बाईंची काढायची तर एखाद्या चांगल्या प्रतीवरूनच उतरवून घ्यावी लागेल."

टायगर खदखदून हसला.

"टेप महाग होती तेव्हा. कंपनी म्हणाली, पडून असलेल्यांतली घे कुठलीही. ही वरच होती."

"तुम्हाला माहीत होतं?" बाईंनी विचारलं.

"अगं, रेकॉर्ड निघाली होती ना तुझी? मग टेप काय चाटायची होती?"

तोवर बाईंनी काही ठरवलं नव्हतं. रविवारपर्यंत दाढीवाल्याला टाळायचं कसं, याच विचारात त्यांनी सगळा आठवडा काढला होता. ती एक प्रत म्हणजे त्यांच्यात आणि टायगरमध्ये उरलेली शेवटची भिंत होती, आणि भिंत काढून पाहुण्याला देत नाहीत. पण ते हसणं त्यांना सहन झालं नाही. त्या उठल्या, जेवणघरात गेल्या, स्टूल घेऊन त्यावर चढल्या आणि ती प्रत काढून आणली.

टायगरचं हसणं थांबलं.

"ती एकच आहे," तो म्हणाला.

"माहितीये मला." त्यांनी रेकॉर्ड दाढीवाल्याच्या हातात दिली. "सांभाळून न्या."

"परत कधी मिळेल?" टायगरने विचारलं.

"दोन-तीन महिने लागतील, सर. शिवाय नवी निघाली की घरच्या प्रती देतोच आम्ही. पंचवीस."

"पंचवीस?" टायगरने दारातून दिसणाऱ्या रिकाम्या शेल्फकडे पाहिलं. जरा हिशेब केल्यासारखा थांबला. "पंचवीसने काय होतंय? शंभर द्या."

दाढीवाला जिन्याने उतरताना बाईंना म्हणाला, "सरांना फार कौतुक आहे तुमचं."

पुढचे दिवस बाई जीव मुठीत धरून वागल्या. सूप उकळतं वाढायचं, फोन पहिल्या घंटीला उचलायचा, त्याची डिस्को कुणी विसरलेलं नाही हे दिवसातून एकदा तरी बोलून दाखवायचं. टायगरही जपून होता. राग आला की तो उठायचा, दोन फेऱ्या मारायचा, परत येऊन बसायचा. एकदा त्याने वाटी आपटली, एकदा दाराला लाथ घातली. पण वाटीने त्याचं भागत नव्हतं हे बाईंना दिसत होतं. वाटी कुणाची नव्हती ना.

मग एका दुपारी पेपरात मजकूर आला. विस्मृतीत गेलेली वादक, तिची हरवलेली रेकॉर्ड, जुना फोटो आणि शाळेतला नवा. पुनर्प्रकाशनाची सगळी हकिकत. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं, 'त्यांचे पती एके काळी ड्रम वाजवीत.'

टायगरने ते दोनदा वाचलं. मग तो उठून थेट जेवणघरात गेला. हात सवयीने शेल्फावर गेला आणि लाकडावरून नुसता सरकत राहिला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिथे काही नव्हतं. त्याने आपल्या हाताकडे पाहिलं. त्या क्षणी तोही घाबरला होता, असं बाईंना नंतर वाटलं.

"अहो," बाई म्हणाल्या.

पहिला फटका उघड्या तळव्याचा, डाव्या कानावर बसला. जन्मभर ड्रम वाजवलेला हात होता. त्याला जोर कुठून आणायचा ते शिकवावं लागत नव्हतं. बाई टेबलावर आदळल्या, टेबलाची कड बरगडीत घुसली आणि त्या खाली गेल्या. त्याने त्यांना केसांना धरून अर्धं उठवलं आणि दुसरा फटका तिथेच मारला. मग तिसरा. तो काहीतरी ओरडत होता, पण ते त्यांना उजव्या बाजूनेच ऐकू येत होतं. रेकॉर्ड जशी पहिल्या फटक्याला वाकते आणि दुसऱ्याला मोडते, तसंच त्यांच्या कानात काहीतरी कडाडलं होतं. गालावर ऊबदार ओघळ आला. तो मानेवरून त्या काळ्या डागापर्यंत गेला.

मग तो निवळला. नेहमीसारखाच, एकदम. त्याने पाणी आणलं, त्यांना खुर्चीत बसवलं, फडक्याने मान पुसली.

"तूच दिलीस ना ती," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "एक तरी ठेवायची होतीस."

बाई त्याच्या ओठांकडे बघत राहिल्या.

"जाऊ दे. अजून थोडेच दिवस. मग येतीलच शंभर."

तो बाथरूममध्ये जाऊन फडकं धुऊन आला, आणि त्याच फडक्याने त्याने शेल्फ पुसून घेतलं. कोपऱ्यातली धूळही काढली. पाहुणे यायचे असले की माणूस खोली आवरतो तशी.

बाईंना संताप आला. फटके बसत असताना आला नव्हता. तो आत्ता आला, त्याची पाठमोरी मान बघून. आपण वाचलो होतो हे खोटं होतं. इतकी वर्षं तो ज्याला मारत होता ते त्यांचंच होतं, आणि ते त्यांनी स्वतः पायपीट करून, पदरमोड करून त्याच्या हाताशी आणून ठेवलं होतं. एवढं करून वर नणंदेसमोर मानही हलवली होती.

डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय आणि आतलंही दुखावलंय, या वयात ऐकू येणं परत यायचं नाही. कसं झालं? बाई म्हणाल्या, नवऱ्याने मारलं. हे वाक्य त्या पहिल्यांदाच बोलत होत्या. ते इतकं लहान असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

नमुन्याची पहिली रेकॉर्ड तयार झाली तेव्हा दाढीवाल्याने बाईंना आपल्या कामाच्या खोलीत बोलावलं. शेकडो रेकॉर्डी छापण्याआधी एक छापून बघतात, आणि वादकाने ती ऐकून होकार दिल्याशिवाय पुढे जात नाहीत, असं त्याने समजावलं. बाईंनी डोक्याला रुमाल बांधला होता. त्याने टेबलाशी खुर्ची ओढून दिली.

"हेडफोनवरच ऐका. बारीकसारीक खरखर स्पीकरवर कळत नाही. काही खटकलं की हात वर करा."

त्याने सुई ठेवली. बाईंनी डोळे मिटले आणि लगेच उघडले. त्यांनी हात वर केला.

"व्हायोलिन कुठेय?"

"म्हणजे?"

"पियानोच वाजतोय नुसता. व्हायोलिन नाहीच यात."

दाढीवाल्याने टेबलावरचे आवाजाचे काटे पाहिले. दोन्ही सारखे नाचत होते. त्याने दुसरा हेडफोन लावून ऐकलं.

"आहे की. छान आहे. तुमच्या काळी तसंच भरायचे ना, व्हायोलिन सगळं डावीकडे, पियानो उज..."

तो थांबला. त्याने रुमालाकडे पाहिलं, रुमालाखालच्या पिवळट पडलेल्या गालाकडे पाहिलं, आणि मग खाली आपल्या हातांकडे. रेकॉर्ड फिरत राहिली.

बाईंनी हेडफोन काढला, उलटा केला, डावी बाजू उजव्या कानावर येईल असा पुन्हा घातला. आणि त्या तिथे होत्या. तरुण, बेफिकीर, कुणालाही न भिणारं ते वाजवणं. लांब सूर आला तेव्हा त्यांनी श्वास रोखला नाही. पहिली बाजू संपेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या, आणि दाढीवालाही हलला नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "छापा."

त्याने घसा साफ केला. "आणि बाई... घरच्या प्रती. सरांचा परवा फोन आला होता. आमच्या नियमात बसत नाही, पण ते शंभरच म्हणतायत. मागे शब्द दिल्यासारखं झालं होतं. मी काय करू?"

"शंभर पाठवा," बाई म्हणाल्या. "त्यांच्या रेकॉर्डच्या. डिस्कोच्या."

"आणि तुमच्या?"

"त्या घरी एकही नको. माझ्या प्रती शाळेत पाठवा." त्यांनी हेडफोनची पट्टी नीट केली. "मी आता तिथेच राहते."

दाढीवाल्याने पेन शोधलं, मग ते तसंच ठेवून दिलं. त्याला लिहून घ्यायची गरज वाटली नाही.

"दुसरी बाजू लावा," बाई म्हणाल्या.